ग्राहकाच्या हाती सोपवता येईल अशी सीएमएस कशी निवडावी

शाळा, पतसंस्था, दवाखाना, कोकणातला होमस्टे, येवल्यातले पैठणीचे दुकान अशा ग्राहकांना वेबसाइट करून देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला प्रत्येक कामाच्या सुरुवातीला सीएमएस निवडावी लागते. सीएमएस म्हणजे कोड न लिहिता साइटवरचा मजकूर बदलता यावा यासाठीची प्रणाली. ही निवड बहुतेक वेळा सवयीने होते. ज्याला वर्डप्रेस येते तो वर्डप्रेस सुचवतो, ज्याने विक्सवर एखादी साइट केलेली असते तो विक्स सुचवतो, ग्राहक मान डोलावतो आणि वर्षभराने साइटवर गेल्या वर्षीचीच प्रवेशाची सूचना दिसत राहते. हे टाळायचे असेल तर दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात: साइट हाती आल्यावर ती प्रत्यक्षात कोण चालवणार, आणि तीन वर्षांत तिच्यावर एकूण किती पैसे जाणार. कोणते सॉफ्टवेअर चांगले, हा प्रश्न त्यानंतरचा आहे आणि तोपर्यंत तो बराच सोपा झालेला असतो.

पहिली पायरी : वर्षभरात खरोखर काय बदलते ते पाहा

‘साइटवर काय काय बदलता यायला हवे?’ असे विचारले की ‘सगळेच’ असे उत्तर येते आणि त्या उत्तराचा काही उपयोग नसतो. त्याऐवजी मागच्या बारा महिन्यांचा पुरावा मागावा. शाळेकडून सूचनाफलकावर लावलेल्या नोटिसांची फाइल घ्यावी, पतसंस्थेकडून ठेवींच्या व्याजदरांची परिपत्रके आणि सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याव्या लागणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचना घ्याव्यात, दुकानदाराकडून त्याने व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलेले फोटो पाहावेत. हा ऐवज टेबलावर मांडला की साइटवर काय येणार, किती वेळा येणार आणि कोणत्या स्वरूपात येणार, हे ग्राहकाच्या अंदाजापेक्षा कितीतरी स्पष्टपणे दिसते.

या पाहणीत काही ग्राहकांना सीएमएसची गरजच नाही असे आढळते. दंतवैद्याच्या साइटवर पत्ता, वेळ, उपचारांची माहिती आणि फोन नंबर असतो, आणि यातले काही बदलले तर वर्षातून एकदा. अशा ठिकाणी पाच-सहा पानांची, थेट कोडमध्ये लिहिलेली साधी एचटीएमएल साइट करून द्यावी आणि वर्षातला तो एखादा बदल आपणच करून देण्याचे ठरवावे. जी सीएमएस कोणी उघडतच नाही ती केवळ अपडेट मागत राहते आणि अपडेट न मिळाल्यास हल्लेखोरांना वाट करून देते. काम लहान दिसेल या भीतीने अनावश्यक प्रणाली ग्राहकाच्या गळ्यात मारणे बरोबर नाही.

दुसरी पायरी : साइट चालवणारी व्यक्ती शोधा

करारावर सही करणारा आणि साइटवर मजकूर चढवणारा हे क्वचितच एक असतात. सही मुख्याध्यापकांची असते, पण काम लिपिकाकडे किंवा संगणकाच्या शिक्षिकेकडे जाते. होमस्टेच्या बाबतीत मालकाचा मुंबईत नोकरी करणारा मुलगा सुटीत येऊन फोटो बदलतो. पहिल्याच बैठकीत या व्यक्तीचे नाव विचारावे आणि तिच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. ती मजकूर संगणकावर लिहिते की फोनवर, मराठी टाइप करताना इनस्क्रिप्ट कळफलक वापरते की जीबोर्डवर बोलून लिहिते, कार्यालयातला संगणक किती जुना आहे, इंटरनेट किती वेगाने चालते, आणि ती बदलून गेली तर तिच्या जागी कोण येईल, हे तिच्याकडूनच समजते. अशी व्यक्ती संस्थेत कोणीच नसेल, तर कितीही सोपी सीएमएस दिली तरी साइट चालणार नाही. मग देखभालीचे काम आपल्याकडे घेऊन त्याचा मोबदला कोटेशनमध्ये वेगळा दाखवावा.

तिसरी पायरी : साच्यातला मजकूर आणि मोकळा मजकूर वेगळा करा

‘वापरायला सोपी’ याचा अर्थ जाहिरातींमध्ये सहसा ‘माउसने ओढा आणि हवे तिथे ठेवा’ असा असतो. माझ्या मते ही सोय डिझायनरची आहे, लिपिकाची नव्हे. लिपिकाला चौकट कुठे ठेवायची, रंग कोणता द्यायचा, हे ठरवायचे नसते. दहावीच्या सराव परीक्षेचे वेळापत्रक शाळा सुटण्याच्या आत साइटवर लागावे, एवढेच त्याला हवे असते. त्याच्यासाठी सोपी सीएमएस म्हणजे बँकेतल्या पैसे भरण्याच्या स्लिपसारखी: ठरावीक रकाने, ते भरले की काम झाले. शीर्षक, तारीख, पीडीएफ आणि ‘प्रसिद्ध करा’ हे बटण यापलीकडे त्याला काही दिसू नये. सूचना यादीत कुठे लागेल, जुनी सूचना केव्हा मागे जाईल, तारीख कोणत्या पद्धतीने छापली जाईल, हे सगळे साइट बनवणाऱ्याने एकदाच ठरवून ठेवायचे असते.

म्हणून पहिल्या पायरीत जमवलेला ऐवज दोन ढिगांत वाटावा. व्याजदर, नोटिसा, खोल्यांचे भाडे, निविदा, कर्मचाऱ्यांची यादी हा साच्यातला मजकूर आहे. अध्यक्षांचे मनोगत, सहलीचा वृत्तान्त, लेख हा मोकळा मजकूर आहे. पहिला ढीग मोठा असेल, तर स्वतःचे रकाने ठरवण्याची सोय ज्या सीएमएसमध्ये चांगली आहे तीच निवडावी. पतसंस्थेचा व्याजदरांचा तक्ता मोकळ्या संपादकात करायला दिला, तर तिसऱ्या-चौथ्या बदलानंतर त्याचे रकाने वेडेवाकडे होतात आणि ग्राहक शेवटी तक्त्याचा फोटो काढून साइटवर टाकतो. तो फोटो शोधयंत्राला वाचता येत नाही आणि फोनवर तो नीट दिसतही नाही.

चौथी पायरी : उमेदवारांची यादी करा

इथे सुरुवात वर्डप्रेसपासूनच करावी लागते. २००३ मध्ये आलेले हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. या लोकप्रियतेचा ग्राहकाला होणारा खरा फायदा असा, की उद्या आपण उपलब्ध नसलो तरी सांगलीत किंवा अकोल्यात वर्डप्रेस जाणणारा दुसरा माणूस त्याला सापडतो. याला मी सगळ्यात जास्त गुण देतो. कोणत्याही साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइटसाठी सामायिक असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर, ते चालते, आणि त्याचा डॅशबोर्ड, म्हणजे मजकूर चढवण्याचा आतला पडदा, मराठीतही उपलब्ध आहे. २०१६ च्या अखेरीस आलेल्या ४.७ आवृत्तीपासून प्रत्येक वापरकर्त्याला डॅशबोर्डची भाषा वेगळी ठेवता येते. म्हणजे लिपिकाला सगळे मराठीत दिसते आणि आपल्याला इंग्रजीत. मात्र ही भाषा लिपिकाला विचारूनच ठरवावी. वर्षानुवर्षे ‘सेव्ह’ आणि ‘अपलोड’ पाहिलेल्या माणसाला अनोळखी मराठी संज्ञांपेक्षा इंग्रजी बटणे अधिक जवळची वाटू शकतात.

वर्डप्रेसची अडचण त्याच्या पसाऱ्यात आहे. डिसेंबर २०१८ मधल्या ५.० आवृत्तीपासून आलेला ब्लॉक संपादक लेख लिहिणाऱ्याला चांगला आहे, पण अधूनमधून येणाऱ्या लिपिकाला त्यात चुकून एखादा ब्लॉक पुसला गेला की काय झाले ते कळत नाही. अशा ग्राहकासाठी जुना संपादक परत आणणारे क्लासिक एडिटर हे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे पूरक सॉफ्टवेअर) लावता येते. साच्यातल्या मजकुरासाठी ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्ससारख्या प्लगइनने स्वतःचे रकाने करता येतात आणि तारीख, फाइल, मजकूर असे साधे रकाने त्याच्या विनामूल्य आवृत्तीतही मिळतात. त्याच प्लगइनच्या निमित्ताने एक गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे. वर्डप्रेसची धुरा सांभाळणारे आणि या प्लगइनची मालक असलेली डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यातल्या वादात ऑक्टोबर २०२४ मध्ये या प्लगइनचे अधिकृत पान दुसऱ्या नावाने दुसऱ्यांच्या ताब्यात गेले, आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ते मूळ कंपनीकडे परत आले. प्लगइन विनामूल्य असले तरी ते कोणाच्या तरी हातात असते. त्यामुळे साइट जितक्या कमी प्लगइनवर उभी राहील तितकी ती टिकाऊ होते.

पेज बिल्डर, म्हणजे पानाची मांडणी माउसने ओढून करण्याचे प्लगइन, वापरायचा असेल, तर तो काढून टाकल्यावर मागे काय उरते ते आधी तपासावे. डब्ल्यूपीबेकरीसारखा बिल्डर बंद केला की पानांवर चौकटी कंसांतल्या शॉर्टकोडचा, म्हणजे बिल्डरच्या सांकेतिक खुणांचा, कचरा उरतो आणि प्रत्येक पान हाताने साफ करावे लागते. वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच नावाची व्यावसायिक सेवा आहे आणि तिचे दर व मर्यादा वेगळ्या आहेत, हेही ग्राहकाला सांगावे. नावातल्या सारखेपणामुळे अनेक जण भलतीच योजना विकत घेऊन बसतात.

जूमला आणि ड्रुपल या दोन जुन्या विनामूल्य प्रणाली. मराठी आणि इंग्रजी अशी दुभाषी साइट करण्याची सोय दोन्हींच्या गाभ्यातच आहे. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी पॉलिलँग किंवा सशुल्क डब्ल्यूपीएमएल हे प्लगइन लागते. पण छोट्या ग्राहकासाठी ड्रुपल अवजड आहे, आणि त्यातले मोठे बदल महाग पडतात. ड्रुपल ७ चा अधिकृत पाठिंबा ५ जानेवारी २०२५ रोजी संपला आणि त्यावरच्या साइट नव्या आवृत्तीत नेणे म्हणजे त्या बहुतांशी पुन्हा बांधणेच होते. जूमलाचा डॅशबोर्ड नवख्याला गोंधळात टाकतो. विद्यापीठाचा विभाग किंवा मोठी संस्था असेल तरच या दोघांचा विचार करावा.

डेटाबेसशिवाय चालणाऱ्या प्रणालींकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. ग्रॅव्ह विनामूल्य आहे, किर्बी प्रत्येक साइटसाठी एकदा परवाना शुल्क घेते, आणि दोन्हींमध्ये सगळा मजकूर साध्या फाइलमध्ये राहतो. बॅकअप म्हणजे एक फोल्डर उतरवून घेणे, दुसऱ्या होस्टिंगवर जाणे म्हणजे तोच फोल्डर चढवणे. किर्बीमध्ये ग्राहकाला दिसणारे रकाने नेमके हवे तसे मांडता येतात, त्यामुळे साच्यातला मजकूर जास्त असलेल्या साइटला ती फार शोभते. हाताने लिहिलेली एचटीएमएल साइट आधीच तयार असेल, तर काउचसीएमएस त्याच पानांमध्ये काही टॅग घालून तेवढेच भाग संपादनीय करते. या सगळ्यांचा तोटा एकच आणि मोठा: त्या जाणणारी माणसे कमी आहेत. साइटची देखभाल दीर्घकाळ आपल्याकडेच राहणार असेल, किंवा कामाची नीट लिखित नोंद आपण देणार असू, तरच त्या सुचवाव्यात.

घोस्ट ही लेख आणि वृत्तपत्रिका यांच्यासाठी उत्तम प्रणाली आहे, आणि लिहिण्याचा अनुभव तिच्यात सर्वांत प्रसन्न आहे. परंतु तिच्यातली सशुल्क सभासदत्वाची सोय स्ट्राइप या ऑनलाइन पैसे स्वीकारण्याच्या सेवेवर अवलंबून आहे आणि भारतात स्ट्राइप नवीन खाती केवळ निमंत्रणाने उघडते. वर्गणीदारांकडून यूपीआयने पैसे घ्यायचे असलेल्या मराठी मासिकाला त्यामुळे ती अडचणीची ठरते.

विक्स, स्क्वेअरस्पेस, वेबफ्लो या भाड्याच्या सेवांमध्ये होस्टिंग, सुरक्षितता आणि अपडेट यांची काळजी कंपनी घेते, आणि एकट्या दुकानदारासाठी हा फार मोठा दिलासा असतो. त्याची किंमत बाहेर पडताना कळते. विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर चालवता येत नाही, स्क्वेअरस्पेसमधून काही भागच बाहेर काढता येतो, आणि वेबफ्लोमधून काढलेल्या पानांबरोबर तिची सीएमएस येत नाही. ग्राहकाला फक्त चार पाने हवी असतील आणि पैसे अजिबात नसतील, तर गूगल साइट्स पुरेशी आहे. तिला स्वतःचे डोमेन (साइटचे इंटरनेटवरचे नाव) देखील जोडता येते. गणेशोत्सव मंडळाला किंवा वाचनालयाला यापेक्षा जास्त क्वचितच लागते.

ऑनलाइन विक्री हा वेगळा विषय आहे. इथे एवढेच सांगतो, की वीसेक वस्तू विकणाऱ्याने दुकान-प्रणाली घेण्याआधी साइटवर व्हॉट्सॲपचे बटण लावून हंगाम काढून पाहावा. देवगडच्या बागायतदाराचा व्यवहार दीड-दोन महिन्यांत आटोपतो, आणि उरलेले दहा महिने वूकॉमर्स किंवा शॉपिफायसारख्या दुकान-प्रणालीचा खर्च व देखभाल मात्र चालूच राहते.

पाचवी पायरी : मराठीची परीक्षा घ्या

ही परीक्षा इंग्रजीतल्या तुलनात्मक लेखांमध्ये नसते, म्हणून ती आपणच घ्यायला हवी. उमेदवार म्हणून उरलेल्या दोन-तीन सीएमएसमध्ये एकेक चाचणी-साइट उभारावी आणि तिच्यात खरा मराठी मजकूर टाकावा. ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ॲप’, ‘ऑफिस’, ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘वाङ्मय’ असे शब्द शीर्षकात, मेनूत आणि बटणावर लिहून ते जुन्या अँड्रॉइड फोनवर पाहावेत. ज्या फॉन्टमध्ये ‘ॲ’ नाही, तो तिथे रिकामी चौकट दाखवतो किंवा ते एकच अक्षर दुसऱ्या फॉन्टमध्ये उमटते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील, तर पानाची भाषा मराठी अशी नोंदवता यायला हवी आणि फॉन्टमध्ये ती वळणे असायला हवीत. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठीसाठीच केलेला आहे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता फोनच्या पडद्यावर स्वच्छ वाचता येतो.

दुसरी तपासणी पानाच्या पत्त्याची, म्हणजे यूआरएलची. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता आपोआप तयार करते आणि त्याची मर्यादा २०० चिन्हांची आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वार धरून, पत्त्यात नऊ रोमन चिन्हांचे होते, त्यामुळे बावीस चिन्हांतच ही मर्यादा भरते. ‘वार्षिक पारितोषिक वितरण समारंभ’ या शीर्षकातला ‘समारंभ’ पत्त्यातून गळतो. शिवाय असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबच लांब ओळ दिसते आणि पालक त्यावर टिचकी मारायला धजत नाहीत. उपाय म्हणजे पत्ता रोमन लिपीत थोडक्यात द्यायचा किंवा तो क्रमांकावर आधारित ठेवायचा. लिपिकाला प्रत्येक वेळी हे लक्षात ठेवायला लावण्यापेक्षा क्रमांकाची पद्धत बरी.

तिसरी तपासणी शोधाची. बहुतेक सीएमएसचा अंगभूत शोध अक्षरे जशीच्या तशी जुळवतो, त्यामुळे ‘शाळा’ शोधल्यावर ‘शाळेत’ सापडत नाही. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होते आणि दोन्ही दिसायला सारखी असली तरी शोधाला ती वेगळी वाटतात. साइटवर शेकडो लेख असतील, तर शोधावर विसंबण्यापेक्षा विषयवार आणि वर्षवार याद्या चांगल्या करून देणे शहाणपणाचे ठरते.

आणि जुना मजकूर. संस्थांकडचा बराचसा मजकूर छपाईसाठी श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये केलेला असतो. तो साइटवर चिकटवला की निरर्थक अक्षरे उमटतात. तो युनिकोडमध्ये बदलता येतो, पण बदलल्यानंतर मुद्रितशोधन करावेच लागते, कारण रफार आणि वेलांट्या जागा सोडतात. हे काम किती पानांचे आहे ते मोजून त्याचा दर आधीच ठरवावा. कोटेशनमध्ये सर्वांत जास्त विसरली जाणारी ओळ हीच असते.

सहावी पायरी : त्या व्यक्तीला समोर बसवा

आता दुसऱ्या पायरीत सापडलेल्या व्यक्तीला चाचणी-साइटचे लॉगिन द्यावे आणि तिच्याच संगणकावर किंवा फोनवर तिच्याकडून तीन कामे करून घ्यावीत: पीडीएफसह एक नोटीस लावणे, फोनने काढलेला फोटो चढवणे, आणि मुद्दाम चुकीची लिहिलेली एक तारीख दुरुस्त करणे. आपण शेजारी बसावे, पण बोलू नये. कुठे हात थबकतो, कोणते बटण ती शोधत राहते, आणि ‘हे गेलं का?’ असे ती केव्हा विचारते, हे टिपावे. काम झाले की नाही हे पडद्यावर स्पष्ट न सांगणारी प्रणाली ग्राहकाच्या कधीच अंगवळणी पडत नाही.

फोटोच्या कामाकडे विशेष लक्ष द्यावे. फोनमधले फोटो प्रत्येकी चार-पाच एमबीचे असतात आणि ते तसेच चढले तर साइट मंदावते. वर्डप्रेस ५.३ आवृत्तीपासून मोठे फोटो आपोआप २५६० पिक्सेलपर्यंत लहान करते. इतर प्रणालींत ही व्यवस्था आहे का, ते पाहावे. नसेल तर ती आपण करून द्यावी. लिपिकाला फोटो लहान करून चढवायला सांगितले, तर एक तर तो फोटोच चढवणार नाही किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून पुन्हा उतरवलेला फोटो टाकेल. खरे तर ती युक्ती वाईट नाही.

हीच चाचणी आठवड्याने, मधल्या काळात काहीही न शिकवता, पुन्हा घ्यावी. पहिल्या दिवशी सगळेच सोपे वाटते. वर्षातून दहा-बारा वेळा साइट उघडणाऱ्या माणसाला आठवड्यानंतर काय आठवते, यावरच निवड पक्की करावी.

सातवी पायरी : तीन वर्षांचा हिशेब मांडा

होस्टिंग कंपन्या पहिल्या मुदतीला मोठी सवलत देतात आणि नूतनीकरणाला पूर्ण दर लावतात. म्हणून पहिल्या वर्षाचा आकडा दाखवून ग्राहकाला ‘स्वस्त’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे. पुढचे आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर त्या त्या वेळी पाहून भरावेत.

समजा, वर्डप्रेसच्या साइटसाठी डोमेन वर्षाला ८०० रुपये, होस्टिंग पहिल्या वर्षी २,५०० आणि पुढची दोन वर्षे प्रत्येकी ५,५०० रुपये आहे. तीन वर्षांत हे १५,९०० रुपये झाले, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २,८६२ रुपये. देखभालीचे आपण वर्षाला ६,००० रुपये घेतो आणि आपली उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने आपली जीएसटी नोंदणी नाही, असे धरले तर एकूण खर्च ३६,७६२ रुपये येतो. दुसरीकडे भाड्याची सेवा महिन्याला १,२०० रुपयांची असेल, पहिल्या वर्षी डोमेन तिच्यासोबत मिळत असेल आणि पुढची दोन वर्षे त्याचे ८०० रुपये पडत असतील, तर तीन वर्षांचे ४४,८०० रुपये, जीएसटी ८,०६४ रुपये, आणि किरकोळ मदतीचे आपले वर्षाला २,००० रुपये धरून ५८,८६४ रुपये होतात. वर्डप्रेस बरीच स्वस्त दिसते. पण देखभालीचा वाजवी दर ६,००० ऐवजी १२,००० धरला, की तिचा खर्च ५४,७६२ रुपयांवर जातो आणि फरक जवळजवळ संपतो. विनामूल्य सॉफ्टवेअरचा स्वस्तपणा आपल्या श्रमांच्या दरावर कसा टेकलेला असतो, ते या हिशेबात दिसते. आपले श्रम फुकट धरून कोटेशन देणारा माणूस दुसऱ्या वर्षी फोन उचलेनासा होतो.

परदेशी सेवांच्या वर्गणीबाबत एक व्यावहारिक अडचण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी ई-मँडेट (आगाऊ दिलेली ऑनलाइन संमती) लागते, आणि १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपीची पुष्टी द्यावी लागते. वार्षिक वर्गणी एकरकमी भरणाऱ्या संस्थेचे पैसे अशा वेळी अडकतात, त्याचा ईमेल कोणी न पाहणाऱ्या पत्त्यावर जातो आणि साइट बंद पडते. नूतनीकरणाच्या तारखा ग्राहकाच्या हिशेबनिसाला लेखी द्याव्यात. सशुल्क थीम (साइटचे तयार रूप) आणि प्लगइन यांचे परवानेही याच हिशेबात धरावेत. थीमफॉरेस्ट या थीमच्या ऑनलाइन बाजारातला नेहमीचा परवाना एकाच साइटसाठी असतो, त्यामुळे एकदा घेतलेली थीम पाच ग्राहकांना लावता येत नाही. टेलिग्रामवर फुकट मिळणाऱ्या फोडलेल्या थीममध्ये अनेकदा मागचा दरवाजा, म्हणजे हल्लेखोराला चोरून आत शिरण्याची वाट, ठेवलेला असतो. त्यांच्याकडे फिरकूच नये.

आठवी पायरी : मालकी आणि सुटका

निवड जाहीर करण्याआधी बाहेर पडण्याचा रस्ता करून पाहावा. चाचणी-साइटचा सगळा मजकूर आणि फोटो उतरवून घ्यावेत आणि ते दुसरीकडे उघडतात का ते पाहावे. डोमेन ग्राहकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच मोबाइल नंबरवर नोंदवावे. होस्टिंगचे खातेही शक्यतो त्याचेच असावे. डोमेन स्वतःच्या नावावर ठेवून ग्राहकाला बांधून ठेवण्याची रीत आपल्या धंद्यात अजूनही आहे, आणि ती बंद व्हायला हवी. संस्थेसाठी ईमेल पत्ता निवडताना पदाचा निवडावा, व्यक्तीचा नको, म्हणजे सचिव बदलले तरी पासवर्ड हरवत नाही.

नववी पायरी : हस्तांतर

ग्राहकाच्या रोजच्या वापरासाठी ॲडमिन नव्हे, तर एडिटरचे खाते द्यावे. वर्डप्रेसमध्ये एडिटरला पाने आणि लेख बदलता येतात, पण प्लगइन, थीम आणि मेनू यांना हात लावता येत नाही. ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात संस्थेकडे असावा, कारण साइट त्यांची आहे. अपडेट आपोआप होऊ द्यायचे की हाताने करायचे ते ठरवावे. वर्डप्रेसच्या छोट्या सुरक्षा-आवृत्त्या २०१३ पासून आपोआप बसतात आणि प्लगइनसाठीही २०२० पासून तशी सोय आहे. होस्टिंगवर पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिची, कोणती आवृत्ती आहे तेही पाहावे. ७.४ चा सुरक्षा-पाठिंबा नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला, तरी जुन्या साइट तिच्यावर चालताना दिसतात.

बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लससारखे प्लगइन ग्राहकाच्या गूगल ड्राइव्हवर प्रत ठेवते. ती प्रत एकदा रिकाम्या जागी पूर्ववत करून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असे समजू नये. संपर्काच्या फॉर्मवरून येणारी ईमेल शेअर्ड होस्टिंगवर हमखास स्पॅममध्ये जाते, म्हणून ती एसएमटीपीमार्फत, म्हणजे खऱ्या ईमेल खात्यात लॉगिन करून, पाठवण्याची व्यवस्था करावी आणि जीमेलच्या पत्त्यावर तपासून घ्यावी. त्याच फॉर्ममध्ये गरजेपुरतीच माहिती मागावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर प्रवेशाच्या चौकशीसाठी आधार क्रमांक मागणारा फॉर्म संस्थेसाठी जोखमीचा आहे.

प्रशिक्षणासाठी जाड पुस्तिका करू नये. ग्राहकाच्याच साइटवर, मराठीत बोलत, प्रत्येक कामाचा पडद्यावरची कृती टिपणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ करावा आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवावा. माणूस बदलला तरी तो पुढे जातो. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, करारात काय येते आणि काय येत नाही ते आकड्यांत लिहावे: महिन्यातून किती बदल, किती तासांत उत्तर, साइट हॅक झाल्यास ती साफ करण्याचा खर्च कोणाचा.

सहा महिन्यांनी डॅशबोर्ड उघडून शेवटचे बदल कोणी आणि केव्हा केले ते पाहावे. नोटिसा नियमित चढत असतील, तर ज्या रकान्यांना कोणी हात लावलेला नाही ते काढून टाकावेत. एकही बदल झालेला नसेल, तर त्या व्यक्तीला फोन करून कुठे अडते ते विचारावे, आणि ती संस्थेत राहिलीच नसेल तर एएमसीच्या पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ग्राहकापुढे दोन पर्याय ठेवावेत: मजकूर चढवण्याचे काम आपल्याकडे द्या, किंवा साइट साध्या एचटीएमएल पानांत उतरवून सीएमएसचा खर्च बंद करा.